मोतीबिंदू पिकू द्यायचा का?

ए-३०२ नाना: उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघालाय. आमच्या हिचं म्हणणं, पिकू द्या, मग काढा. अलीकडे कोणी केलंय का?

बी-१०४ काकू: नाना, तो काय हापूस आहे पिकवायला? फार थांबलं की भिंग दगडासारखं कडक होतं, मग फोडायला डॉक्टरांना त्रास. आता अडीच-तीन मिलिमीटरची चीर, आतलं भिंग अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेतात, घडी घातलेली लेन्स आत सरकवतात. बहुतेकांना टाकाही पडत नाही. आमच्या सासूबाईंच्या वेळी टाके होते, वर तो जाड भिंगाचा चष्मा.

बी-२०५: एक थेंब आहे म्हणे, त्याने मोतीबिंदू विरघळतो. फॉरवर्ड करू?

काकू: नको! असा थेंब असता तर मी डोळा कापून घेतला असता का?

डी-६०३: लेन्स कुठली घातलीत?

काकू: साधी मोनोफोकल. लांबचं लख्ख, पोथीला आणि मोबाईलला चष्मा. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकलने काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. नाना, तुम्ही रात्री गाडी काढता, ते डॉक्टरांना सांगा.

सी-५०१ केमिस्ट: नाना, तुमची ती प्रोस्टेटची गोळी, टॅम्सुलोसिन, तीही सांगा. तिच्यामुळे बाहुली नीट मोठी होत नाही, ऑपरेशनमध्ये बुबुळाचा पडदा लुळा पडतो. आधी कळलं तर ते तयारीत राहतात. मनाने बंद मात्र करू नका.

नाना: अरे, सगळ्या ग्रुपवर?

सी-५०१ केमिस्ट: सॉरी नाना, डिलीट करतो.

नाना: राहू दे आता. सव्वीस जणांनी वाचलंय.

ए-१०१ सर: लेन्सची गोष्ट मोठी गमतीची आहे. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या प्लास्टिकचे कण घुसले, तरी डोळे चिघळले नाहीत. लंडनच्या हॅरोल्ड रिडलींनी ते हेरलं आणि १९४९ मध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स पहिल्यांदा बसवली.

बी-२०५: सर, टँकर आला का?

काकू: पहिल्या डोळ्यानंतर गंमत बघा नाना. मी ओट्याच्या टाइल्स एकेका डोळ्याने बघायचे. नव्या डोळ्याने पांढऱ्याशुभ्र, जुन्याने चहा सांडल्यासारख्या. इतकी वर्षं मी बाईला उगाच बोलत होते, नीट घासत नाहीस म्हणून.

नाना: बुधवारी लेन्सच्या नंबरसाठी डोळा मोजायला बोलावलंय. बाहुली मोठी करतील, गाडी नेऊ नका म्हणालेत.

सी-५०१ केमिस्ट: मी सोडतो. साडेदहाला खाली या.

सेक्रेटरी: बुधवारी ए विंगची लिफ्ट दहा ते बारा बंद आहे.

नाना: मग पावणेदहाला.