मदत हवी आहे: सेलमधल्या टीव्हीच्या पॅनलवर रेघा, 'फिजिकल डॅमेज' म्हणून हात वर करतायत

रानजाई
दसऱ्याच्या सेलमध्ये एका शॉपिंग अ‍ॅपवरून ४३ इंची टीव्ही मागवला. खोका कंपनीच्या टेक्निशियननेच उघडला. चालू केल्याबरोबर डाव्या बाजूला उभ्या रेघा. काच फुटलेली नाही. तो तोंडी "फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणाला आणि हॅपी कोड (काम झाल्यावर कॉल बंद करण्यासाठी ग्राहकाच्या फोनवर येणारा नंबर) मागू लागला. मी दिला नाही, त्यानेही जॉबशीट (भेटीत काय आढळलं त्याची लेखी नोंद) दिली नाही. कस्टमर केअरचं "४८ तास वाट बघा" चालू आहे. रिटर्नची ७ दिवसांची मुदत उद्या संपते. पैसे क्रेडिट कार्डच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. काय करावं?

कोपऱ्यातला
वाट बिलकूल बघू नका. ४८ तासांत मुदत उलटेल आणि मग तेच म्हणतील, "रिटर्न विंडो क्लोज झाली." चॅट किंवा फोन म्हणजे रिटर्न रिक्वेस्ट नव्हे. आत्ताच अ‍ॅपमध्ये 'माय ऑर्डर्स'मधून रिक्वेस्ट टाका. कारण 'डिफेक्टिव्ह' किंवा 'डॅमेज्ड' निवडा. 'आवडलं नाही' चुकूनही नको. रिक्वेस्ट नंबरचा स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख-वेळ दिसू द्या. बटण चालत नसेल तर त्या एररचाही काढा आणि लगेच ईमेल करा.

हॅपी कोड दिला नाहीत हे उत्तम. कोड दिला की कंपनीच्या सिस्टिममध्ये कॉल 'ग्राहक समाधानी' म्हणून बंद होतो.

साळुंकी
रेघा कशा आहेत ते नीट बघा. धक्क्याने पॅनल गेलं असेल तर एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे फुटतात, नाहीतर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो. टीव्ही बंद करून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारलात तर बारीक तडाही दिसतो. तडा नाही आणि वरपासून खालपर्यंत सरळ रेघा आहेत, तर बहुतेक वेळा पॅनलच्या कडेच्या रिबनचा जोड किंवा आतली केबल सैल असते. तो उत्पादनातला दोष, ग्राहकाचा नाही. आणि समजा वाहतुकीत खोका आपटला असेल, तरी ते निस्तरणं विकणाऱ्याचं काम. 'वॉरंटीत बसत नाही' हे उत्तर इथे गैरलागू आहे, कारण तुम्ही दुरुस्ती मागतच नाही आहात. माल बदलून मागताय.

आता फोटो:
- खोक्याच्या सहाही बाजू, दबलेले कोपरे जवळून
- खोक्यावरचा, टीव्हीच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर
- पॅनल बंद असताना आणि चालू असताना
- एक सलग व्हिडिओ, मध्ये कट नको

टेक्निशियनला परत बोलवा. जॉबशीटवर "इन्स्टॉलेशनच्या वेळीच पॅनलवर रेघा आढळल्या, बाह्य तडा नाही" एवढं लिहून घ्या. नुसतं 'पॅनल डॅमेज' लिहिलं असेल तर सही करू नका, किंवा सहीशेजारी आपला शेरा लिहा. टीव्ही भिंतीवर चढवू नका. थर्माकोल, पाय, स्क्रू, रिमोट, त्याचे सेलसुद्धा जपा. पिकअपवाला यातली एक वस्तू कमी असली तरी रिकाम्या हाताने जातो.

रानजाई
रिक्वेस्ट टाकली, नंबर आला. जॉबशीटसाठी उद्या सकाळी माणूस येतोय. रिफंड घेऊ की रिप्लेसमेंट? आणि ईएमआयचं काय?

झुंबर
तेच मॉडेल स्टॉकमध्ये असेल तर रिप्लेसमेंट. रिफंड घेतलात तर सेल संपल्यावर तोच टीव्ही चढ्या भावाने घ्यावा लागेल, बँकेची सूटही पुन्हा मिळेलच असं नाही.

रिफंडच झाला तर पैसे कार्डावर जमा होतात, पण ईएमआय आपोआप बंद होईल असं धरून चालू नका. पुढचं स्टेटमेंट तपासा आणि हप्ता दिसला तर बँकेला रिफंडचा संदर्भ क्रमांक कळवा. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी सहसा परत मिळत नाही. 'नो-कॉस्ट'मधली ही मेख सेलच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत असते.

पाटीपुसणी
एवढं करूनही नकार आला तर अ‍ॅपवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल शोधा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते देणं सक्तीचं आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, मध्यस्थी करते. पण बऱ्याच कंपन्या तेवढ्यानेही हलतात.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. विक्रेता, अ‍ॅप आणि उत्पादक तिघांनाही सामनेवाले करा. विक्रेत्याचं नाव बिलावर असतं. अ‍ॅपचं नाव म्हणजे विक्रेता नव्हे.

मोरपंखी
थोडं अवांतर: दुकानातून घेतलेल्या साडीलाही हे लागू का? बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलंय.

पाटीपुसणी
साडी विरलेली किंवा डागाळलेली निघाली तर हो. बिलात मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत न घेणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. रंग आवडला नाही म्हणून मात्र हक्क नाही, तिथे दुकानदाराची मर्जी. चांगला दुकानदार "लेबल न काढता १५ दिवसांत बदलून" असं बिलावर हाताने लिहून देतो. पैसे देण्याआधी मागून घ्या.

कोपऱ्यातला
रानजाई, बदली टीव्ही येईल तेव्हा ओपन-बॉक्स डिलिव्हरी आहे का बघा. असेल तर डिलिव्हरीवाल्यासमोर खोका उघडून पॅनल तपासा आणि मगच ओटीपी सांगा. तो घाईत असतो, "ओटीपी द्या, मग बघा" म्हणेल. आधी ओटीपी दिलात तर माल सुस्थितीत मिळाल्याची नोंद होते आणि हीच कटकट पहिल्यापासून.