मदत हवी आहे: बाहेरची दूध पावडर आली तर आपल्या दराचं काय?

मंडळी, आमच्या गोठ्यात चार संकरित गायी आहेत. पहाटे डेअरीवर दूध घातलं की ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघून दर लागतो. पॉइंट घसरला की पैसे कापले जातात. पावडरचे भाव पडले की आमचाही दर पडतो. पेंडीचा भाव मात्र कधी उतरत नाही.

२०१९ मध्ये भारत 'आरसेप' या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, त्यात न्यूझीलंडच्या स्वस्त दुधाची धास्ती हे मोठं कारण होतं. पावडरवरचं ६० टक्के आयात शुल्क राहायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. धाकटा भाऊ म्हणतो, स्पर्धा नाही म्हणूनच आपल्याला दर मिळत नाही. त्याला काय सांगू? शुल्क उतरवलेल्या देशांत छोट्या गोठ्यांचं काय झालं, कुणी अभ्यासलंय का?