अनुभव सांगा: मोबाईलवर मिळून ख्रिस्ती पुस्तकं वाचणारे कोणी हाय का?

आमच्या दारव्ह्याकडच्या गावात ख्रिस्ती मंडळीची घरं हाताच्या बोटावर मोजण्यासारखी, त्यात पुस्तकाचं दुकान म्हणाल तर यवतमाळ. लॉकडाऊनमधे कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला, रात्री जेवणं झाली की एक जण दोन-तीन पानं वाचून व्हॉइस नोट टाकते, बाकीचे ऐकतात न् मनात आलं ते बोलतात. आधी नुसती भक्तीपर पुस्तकं होती, कादंबरी घेतली तवा कुठं लोकं बोलाले लागले. तुमच्याकडे कसं चालते? नुसतं "छान उपक्रम" नका लिहू बाप्पा, भांडणं झाली असतील तर तेबी लिहा.

वणीची सून
आम्ही बाबा पदमनजींची यमुनापर्यटन घेतली होती. 1857 ची कादंबरी, मराठीतली पहिली मानतात तिला. खरं सांगू का, उपदेशाची पानं लय जड जातात, एकेक वाक्य संपता संपत नाही, वाचणाऱ्याचा दम लागलेला नोटमधे ऐकू येते. पण विधवांचे हाल आले की वेगळंच. यमुना नवऱ्यासंग गावोगाव फिरते, ठिकठिकाणच्या विधवा पाहते, न् पुढं नवरा जातो आणि तीच विधवा होते. इथं आमच्या सासूबाईंनी मोबाईल मागितला. त्यांना वाचता येत नाही, आजवर कधी नोट टाकली नव्हती. त्या बोलल्या का सासरे गेल्यावर सख्ख्या पुतणीच्या हळदीत त्यांना मागच्या खोलीत बसवलं होतं, आणि आपण तर चर्चवाले ना, मग आपल्या घरात हे कुठून आलं. मंग काय, तीन दिवस वाचन बंद न् आत्या, मावशी, काकू सगळ्यांच्या गोष्टी चालू. पास्टरसाहेब म्हणे पुस्तक पुढं न्या. कोण नेते!

चिखलीचा निवृत्त मास्तर
आमच्या गटात एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली की कादंबरी म्हणजे खोटं, विश्वासणाऱ्यांनी खोटं कशाला वाचायचं. मी विचारलं, उधळ्या पुत्र कोणत्या गावचा होता? चांगल्या शोमरोन्याचं आडनाव काय? प्रभू येशूने असे दाखलेच, म्हणजे बोधाच्या गोष्टीच, सांगितल्या ना. ते दोन दिवस गटातून बाहेर होते, मग आले, आता सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारतात.

वावरातून
आमच्या फिडरले लाईट रात्रीची राह्यते, म्हणून हरभऱ्याले पाणी देता देता ऐकतो. जॉन बनियन नावाच्या इंग्रज लेखकाचं यात्रिकाचं पुस्तक चालू होतं, 1678 चं हाय म्हणे, मराठीत 1841 लेच आलं. त्यातल्या गड्याच्या पाठीवर ओझं असते ते क्रुसापाशी गळून पडते. सगळे म्हणे ओझं म्हणजे पाप. मी म्हणलं मले तर सोसायटीचं कर्जच दिसलं. एक ताई चिडल्या, अर्थ बिघडवू नका म्हणे. मी काऊन बिघडवीन, पुढं पुढं मलेबी पापच समजलं, पण पह्यल्यांदा ऐकताना जे दिसलं तेच सांगितलं न भाऊ.

शेजारीण, मोर्शी
मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी हरिपाठ असतो. शेजारच्या ताईंनी स्मृतिचित्रे, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ऐकायला गटात घेतलं. घरी लगेच विचारलं, धर्म बदलते का काय! मी लक्ष्मीबाईंचा एक भाग स्पीकरवर लावला, त्यांचे यजमान कवी ना. वा. टिळकांच्या लहरीपणाचा, तर आमचे हे इतके हसले की आता तेच विचारतात आज पुढचं आलं का. टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले, ही बाई चिडली, रडली, काही वर्षं वेगळी राहिली, मग स्वतःच्या मनाने त्या वाटेला गेली. ती कोणाचीच बाजू गुळगुळीत करून सांगत नाही, म्हणून आमच्या घरातही भांडण झालं नाही.

गटाचा अ‍ॅडमिन, खामगाव
पीडीएफ टाकणाऱ्यांसाठी. लेखक वारल्यावर 60 वर्षं कॉपीराइट असतो, पदमनजी 1906 ला गेले, लक्ष्मीबाई 1936 ला, ती पुस्तकं बिनधास्त वाचा. पण आजच्या लेखकाचं पुस्तक स्कॅन करून टाकलं की मी काढून टाकतो. शिव्या खातो. आम्ही वर्गणी करून दोन प्रती मागवतो, वाचणाऱ्याकडे एक, दुसरी बसच्या कंडक्टरच्या हातानं गावोगाव फिरते.

धारणीकडून
आमच्या पाड्यावर टॉवर नाही. बाजाराच्या दिवशी मी धारणीले जातो, आठवड्याच्या व्हॉइस नोटा मोबाईलवर उतरवून आणतो. घरी कोरकू बोलतात, म्हाताऱ्यांना पुस्तकी मराठी समजत नाही, मंग मी थोडं वाजवतो, बंद करतो, कोरकूत सांगतो, परत वाजवतो. लोकं मधीच विचारतात, त्या बाईचं पोरगं किती मोठं होतं, नवरा परत आला का. म्हणून वाचणाऱ्यांना विनंती, दहा-दहा मिनिटाची नोट नका टाकू, तीन मिनिटाच्या आत तोडा, आणि मागं टीव्ही चालू असला तर पह्यले तो बंद करा.