मदत हवी आहे: ग्रेड २ फॅटी लिव्हर आणि रात्रपाळीचा डबा

नमस्कार मंडळी. नवरा ४६ वर्षांचा, मधुमेह आहे, दारूला शिवत नाही. तरी सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये मध्यम प्रमाणात चरबी) निघालं, लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी ७८, म्हणजे वाढलेलं. डॉक्टरांनी सारोग्लिटाझारची ४ मिलिग्रॅमची गोळी रोज एक दिलीय आणि वजन ७ ते १० टक्के उतरवायला सांगितलंय, म्हणजे ८४ वरून ७६-७८ किलो. चहातली साखर, खारी, फरसाण बंद. सासूबाई मात्र "कावीळ थोडीच झालीये!" म्हणत भात वाढतातच.

खरी अडचण रात्रपाळीची. जेवण दोनला, आणि गार भाकरी-उसळ तशीच परत येते. डब्यात काय द्यावं? ही गोळी कोणी घेतलीय का, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) परत कधी केला? लिव्हर टॉनिक आणि काढे कृपया सुचवू नका, तीन बाटल्या आधीच घरात आल्यात.