क्राउन धुरकट येतोय? आधी पाणी बघा

म्हापशाहून विचारलंय, भट्टीतून क्राउन (दातावरची पोर्सेलिनची टोपी) धुरकट आणि बुडबुड्यांसह निघतो, पोर्सेलिनची पावडर बदलू का? पावडर राहू द्या, कंडेन्सेशन, म्हणजे ओल्या पावडरचे कण दाबून घट्ट बसवणं, कमी पडतंय. कोपिंग (क्राउनचा आतला सांगाडा, ज्यावर पावडर चढवतात) धरलेल्या चिमट्याच्या दांडीवर हत्याराची खरखरीत बाजू हळू घासा. पाणी वर चकाकलं की टिश्यू मागच्या बाजूने लावा, कण कोपिंगकडे ओढले जातात. थर पुरता सुकल्यावर नवा चढवलात तर मध्ये हवा अडकणारच. उलट फार थरथरवलंत तर डेंटिन आणि इनॅमल या पावडरींचे थर एकमेकांत मिसळतात, हे तर आणखी वाईट. पोर्सेलिन भट्टीत आकसतं, म्हणून आकार १५-२० टक्के मोठा ठेवा. भट्टीच्या तोंडाशी ५-८ मिनिटं सुकवा, नाहीतर वाफेने पोर्सेलिन फुटतं. आणि आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात भट्टीतली हवा खेचणारा व्हॅक्यूम पंप दमट होतो, तोही तपासा.