फॉस्टर ठरलेलं नसेल तर धडधाकट पिल्लू उचलू नका

औंधचा_आगाऊ
पावसाळा लागला की प्राणिप्रेमी ग्रुपवर तेच सुरू होतं. ‘अर्जंट! आज रात्रीपुरतं फॉस्टर हवं, नाहीतर परत रस्त्यावर सोडावी लागतील.’ फॉस्टर म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळणारं कोणीतरी. खाली खोक्यातल्या कुत्र्याच्या पिल्लांचा फोटो. गुटगुटीत, पोटं टम्म, डोळे स्वच्छ. यांना नेमकं कशातून वाचवलं? आईच्या दुधातून?

माझं मत स्पष्ट आहे. आई जवळ असलेलं, अंगावर पिणारं पिल्लू उचलणं हा रेस्क्यू नव्हे. आठ आठवडे तरी त्याला आईजवळ राहू द्या. भावंडांशी मस्ती करतानाच किती जोरात चावायचं हे ते शिकतं. सहा-आठ आठवड्यांचं झालं की तिथेच जाऊन लस टोचा, दूध सुटलं की आईची नसबंदी करा. फॉस्टरची घरं मुळात मोजकी. ती अपघातातल्या, ऑपरेशन झालेल्या, आई मेलेल्या जिवांसाठी मोकळी राहू द्या.

खारी_बुडवून
अहो, गॅलरीत चहा पिता पिता लिहिलेलं दिसतंय. आयसर कोलकाता या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ३६४ रस्त्यावरची पिल्लं जन्मापासून पाहिली, २०१६ मध्ये ते छापून आलं. वयात आली जेमतेम १९ टक्के. मेलेल्यांपैकी ६३ टक्के मरणांमागे माणूस. ‘आईजवळ राहू द्या’ ऐकायला छान वाटतं हो.

औंधचा_आगाऊ
आकडा मान्य. पण उरलेल्या ८१ टक्क्यांना पुरतील एवढी घरं आहेत का तुमच्याकडे? नसतील तर निवड करावीच लागणार, आणि ती गोंडसपणावर होऊ नये एवढंच म्हणतोय. हिप मोडलेल्या म्हाताऱ्या कुत्रीला कोणी हो म्हणत नाही, कारण सगळे फॉस्टर पिल्लांमध्ये अडकलेले.

टाके_घालणारा
दवाखान्याच्या टेबलामागून दोन शब्द. पिल्लं घाईघाईने कोणाच्याही घरी टेकवली जातात आणि ‘तुमच्याकडे दुसरं कुत्रं आहे का, त्याची लस पूर्ण आहे का’ हे कोणी विचारत नाही. पार्वो (कुत्र्यांना होणारा आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) अंगात असूनही पिल्लू पहिले काही दिवस मजेत खेळतं. मग एका रात्री उलट्या आणि रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात बसला की जिन्यातूनच ओळखू येतो. विषाणू घरात महिनोन्महिने तग धरतो, फिनाईलवर भरवसा ठेवू नका. आधी फरशी धुवा, मग एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून फिरवा आणि दहा मिनिटं ओलीच राहू द्या. नवं पिल्लू दोन आठवडे वेगळ्या खोलीत. एका लशीवर निर्धास्त होऊ नका, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळा आठवड्यांपर्यंत. वेगळी खोली नसेल तर सरळ नाही म्हणा, कोणी वाईट म्हणणार नाही.
(म्हणतात. पण तरीही नाही म्हणा.)

नियमावर_बोट
हे सगळं करायचंच कशाला? सगळी शेल्टरमध्ये टाका, प्रश्न मिटला.

टाके_घालणारा
दिल्लीत ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं होतं. २२ ऑगस्टला आदेश बदलावा लागला. रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून जिथून उचलली तिथेच सोडायची, असं तेव्हा ठरलं. एवढी शेल्टर्स आहेत कुठे?

ठाण्याची_मावशी
मी फॉस्टरच्या बाजूची, पण औंधकरांचं अर्धं पटतं. माझ्याकडे ‘दोनच आठवडे’ म्हणून एक काळी कुत्री आली. ज्यांनी आणून सोडली त्यांचे फोन हळूहळू कमी झाले, दवाखान्याची बिलं मात्र माझ्या नावावर. काळी, देशी, त्यात मादी, कोणाला हवी? सगळ्यांना पांढरा नर पाहिजे. म्हणून सांगते, आणतानाच लिहून घ्या. कधीपर्यंत, खर्च कोणाचा, गावाला गेलात तर कोण सांभाळणार.

पण ‘आधी आजारी, मग पिल्लं’ अशी रांग लावून फॉस्टर मिळत नाहीत हो. पहिल्यांदा हो म्हणणारी माणसं पिल्लासाठीच हो म्हणतात, म्हातारीपर्यंत पोचतात ती नंतर. आणि घरात राहिल्याशिवाय कुत्रं कळत नाही. ही शिलाई मशीनच्या पायडलमागे बसून राहायची, कुकरच्या शिट्टीला कान हलवायची नाही, पण झाडू उचलला की लघवी. हे ठाऊक असल्यामुळेच तिला योग्य घर मिळालं. त्या घरी रोबो फिरतो, झाडू नाहीच!

भाडेकरू_क्रमांक_दोन
सोसायटीचं काय? आमच्या सेक्रेटरींनी ‘प्राण्यांना बंदी’ असा ठराव केलाय.

ठाण्याची_मावशी
प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा त्यांना, बहुमतानेही अशी बंदी घालता येत नाही. पण तुमच्या भाडेकरारात काय लिहिलंय ते आधी वाचा. मालकाचं आणि सोसायटीचं प्रकरण वेगळं.

औंधचा_आगाऊ
मावशींचं लिहून घेण्याचं एकदम बरोबर. मुद्दा मात्र सोडत नाही. धडधाकट पिल्लं, आई हजर, तर जागेवरच सांभाळा.

खारी_बुडवून
कुठली जागा? आमची डीपी रोडच्या दुभाजकात व्यायली होती.

औंधचा_आगाऊ
मग आईसकट समोरच्या मोकळ्या प्लॉटवर हलवा. घरी कशाला?

खारी_बुडवून
हलवलं ना! पत्र्याचा आडोसा केला, पोतं अंथरलं. रात्रीत एकेकाला तोंडात धरून ती परत दुभाजकात घेऊन गेली. आता बोला.