"जिथे कदर होईल तिथे जा": हा सल्ला नेमका कुणाच्या सोयीचा?

निशिगंधा
अकरा वर्षं अटलांटात आहे, एका कंपनीच्या आयटीत. गेल्या महिन्यात टीममधल्या एका ब्लॅक बाईने नोकरी सोडली. ("कृष्णवर्णीय" फार बोजड वाटतं आणि "काळी" म्हटलं की आपल्याकडे स्थळ नाकारल्यासारखं वाटतं. इथे त्या स्वतःला ब्लॅकच म्हणवतात, म्हणून मीही तेच लिहिते.) चौदा वर्षं होती ती. बिलिंगची जुनी सिस्टीम तिने नवीन येणाऱ्या प्रत्येकाला शिकवली, मलाही. तिच्याकडे शिकलेले दोघे पुढे तिचेच बॉस झाले.

शेवटच्या दिवशी केक कापला. डायरेक्टर म्हणाले, आता मनासारखं काहीतरी शोध, जिथे तुझी खरी कदर होईल. तिने हातातली प्लेट टेबलावर ठेवली आणि लॅपटॉपचा चार्जर गुंडाळायला घेतला. केक तसाच राहिला.

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. कदर करायची होती कंपनीने, आणि शोधत फिरायचं तिने! अमेरिकाभर पाहिलं तरी पूर्णवेळ काम करणाऱ्या ब्लॅक स्त्रीला गोऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे साधारण ६५ सेंट मिळतात. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस
ताई, कदर कुणाची होते हो ऑफिसात? पुण्यात अठरा वर्षं घासतोय, माझा वाढदिवस एचआरच्या सॉफ्टवेअरलाच तेवढा लक्षात असतो. एक तारखेला पगार जमा झाला की झाली कदर. "समाधान देणारं करिअर" हे पोट भरलेल्यांचं खूळ आहे.

आणि दार बंद आहे म्हणाल, तर उर्सुला बर्न्स या ब्लॅक बाई १९८० मध्ये झेरॉक्समध्ये इंटर्न म्हणून लागल्या आणि २००९ मध्ये त्याच कंपनीच्या सीईओ झाल्या. बाईला होतं ते सगळ्याच बायकांना होतं, ब्लॅक माणसाला होतं ते ब्लॅक पुरुषांनाही होतं. वेगळा धागा कशाला?

पोटोबा_प्रसन्न
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

निशिगंधा
तिरकसराव, तुमचं शेवटचं वाक्य न्यायालयात बोलून झालंय. जनरल मोटर्सच्या सेंट लुईसच्या कारखान्यातल्या पाच ब्लॅक बायकांनी खटला भरला होता. कंपनीने १९६४ पूर्वी ब्लॅक बायकांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली, "शेवटी आलेले आधी जातील" या नियमाने कपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या ब्लॅक बायका घरी बसल्या. १९७६ मध्ये न्यायालय म्हणालं, कंपनीत बायका होत्या, म्हणजे बाई म्हणून भेदभाव नाही. (त्या बायका गोऱ्या, ऑफिसातल्या.) वंशाची तक्रार असेल तर ब्लॅक कामगारांचा दुसरा खटला चालू आहे, त्यात सामील व्हा. दोन्ही एकत्र करून तिसरी तक्रार करता येणार नाही. याच खटल्यावरून कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या दुहेरी कोंडीला "इंटरसेक्शनॅलिटी" असं नाव दिलं. बर्न्सबाईंबद्दल आदर आहेच, पण फॉर्च्यून ५०० मधल्या (म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या यादीतल्या) पहिल्या ब्लॅक स्त्री सीईओसाठी २००९ साल उजाडावं लागलं, हे तुमच्या बाजूचं उदाहरण की माझ्या?

सातारी_माणूस
पण नोकरीच कशाला धरून बसायचं? मॅडम सी. जे. वॉकर बघा. जन्म १८६७, लुईझियाना, आईबाप गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले. कपडे धुवून पोट भरणारी बाई. ब्लॅक बायकांच्या केसांसाठी उत्पादनं काढली, इंडियानापोलिसला कारखाना टाकला आणि हजारो बायकांना विक्रेत्या म्हणून उभं केलं. मालकीण झालात की कदरीसाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

काकडआरती
@सातारी_माणूस, भांडवल कोण देणार? आमच्या अटलांटातच फिअरलेस फंड ब्लॅक उद्योजिकांना २०,००० डॉलरची अनुदानं देत होता. २०२३ मध्ये त्याच्यावर वंशभेदाचा दावा ठोकला गेला, जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने योजना थांबवली आणि सप्टेंबरात तडजोड होऊन ती बंद झाली.

सरकारी नोकरी हा दुसरा रस्ता. ब्लॅक कुटुंबांना पिढ्यान्पिढ्या मध्यमवर्गात आणलं ते पोस्ट आणि सरकारी खात्यांनी. २०२५ मध्ये तिथेही कपात सुरू झाली आणि ऑगस्टपर्यंत ब्लॅक बायकांची बेकारी साधारण ६.७ टक्क्यांवर गेली.

आता जरा बोचरं विचारते. निशिगंधा, त्या दोन बॉसपैकी देशी किती?

निशिगंधा
एक. आणि खरं सांगायचं तर मीही धुतल्या तांदळासारखी नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या बढतीसाठी माझं मत विचारलं होतं. "कामात उत्तम, पण जरा अ‍ॅग्रेसिव्ह वाटते," असं मी लिहिलं. मीटिंगमध्ये तिने एकाला मध्येच थांबवलं होतं, तेवढ्यावरून. तेच आमचा एक साहेब रोज करतो, त्याला आम्ही "क्लिअर" म्हणतो.

पोटोबा_प्रसन्न
पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

तिरकस
प्रांजळपणाबद्दल दाद. पण माझा मुद्दा सोडत नाही. तुमच्याच अटलांटात १८८१ च्या जुलैत (केसरी निघाला त्याच वर्षी!) वीसेक धोबिणींनी संघटना काढली, काही आठवड्यांत तीन हजार झाल्या. मागणी काय? बारा पौंड कपड्यांना एक डॉलर. नगरपालिकेने २५ डॉलरच्या परवान्याचा धाक घातला, तर म्हणाल्या, भरतो, पण मग शहराची धुलाई आमच्या ताब्यात आणि आमच्या दराने. "आम्हाला मान द्या" असा अर्ज नाही केला. दर मागितला.

काकडआरती
दर त्यांना ठरवायचा होता, हाच तर मान! आणि पगार म्हणजेच कदर, तर मेरी जॅक्सनचं काय कराल? १९५८ मध्ये नासाच्या पहिल्या ब्लॅक स्त्री इंजिनियर. त्यासाठीचे वर्ग गोऱ्यांच्या शाळेत भरायचे, तिथे बसायला हॅम्प्टन शहराकडून परवानगी आणावी लागली. पुढे वरच्या पदांची वाट अडली, तेव्हा १९७९ मध्ये आपणहून खालची श्रेणी घेऊन त्या दुसऱ्या विभागात गेल्या. का, तर इतर बायकांच्या भरतीचं आणि बढतीचं बघता यावं म्हणून. तुमच्या हिशेबात हे कुठे बसतं? बाई २००५ मध्ये वारल्या, नासाच्या मुख्यालयाला त्यांचं नाव २०२० मध्ये मिळालं.

तिरकस
नाही बसत. विचार करतो. तरी स्वतःच्या पोरीला श्रेणी सोड म्हणून सांगणार नाही.

सातारी_माणूस
निशिगंधाताई, त्या बाई आता काय करतात, ते राहिलंच.

निशिगंधा
काल फोन केला. आधी माफी मागितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं, तो फॉर्म मी वाचला होता." पुढे दोघींना काय बोलावं सुचेना. मग तिनेच विषय बदलला.

जुनी बिलिंग सिस्टीम गेल्या आठवड्यात बंद पडली. कंपनीने तिला सल्लागार म्हणून बोलावलंय. तिने तासाचा दर आधीच्या पगाराच्या दुप्पट सांगितलाय. कंपनीने अजून कळवलेलं नाही.

तिरकस
तिप्पट सांगायचा होता.